गालबोट कोणाच्या नजरेसाठी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'स्त्रिया आणि अंधश्रद्धा' असा दिला आहे. हा विषय इतका मोठा आहे की त्यावर तासभर बोललं तरी ऐकणारीच्या हाती काही लागत नाही. म्हणून मी तो लहान करून घेणार आहे, अगदी बोटाच्या पेराएवढा. बाळाला न्हाऊ घालून झालं की आई किंवा आजी काजळात बोट बुडवते आणि त्याच्या गालावर, कपाळाच्या कडेला नाहीतर तळपायाला एक काळा ठिपका लावते. तीट म्हणा, गालबोट म्हणा. त्या ठिपक्याबद्दल आणि त्याच्या गणगोताबद्दल मला बोलायचं आहे. गणगोत मोठं आहे. उंबऱ्यावरचं स्वस्तिक आहे, चातुर्मासातली तेहतीस गोपद्मं आहेत, दंडावर गोंदलेला विंचू आहे, ताईतात घडी घालून ठेवलेला आकड्यांचा चौकोन आहे, पाचवीचा कोरा कागद आहे.

आपल्या चळवळीत या खुणांकडे बघायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली जुनी. वस्तीत बाळाच्या गालावर ठिपका दिसला की आपलं सुरू होतं, "अगं, नजर-बिजर काही नसतं." ती बाई मान डोलावते, आपल्याला चहा देते आणि आपण गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत ठिपका पुन्हा लावते. दुसरी तऱ्हा नंतर आली. या खुणा म्हणजे बायकांची कला, बायकांचं ज्ञान, आदिम मातृदेवतेच्या आठवणी. त्यांची प्रदर्शनं भरली, कॅलेंडरं निघाली. मला दोन्ही तऱ्हा अपुऱ्या वाटतात. पहिलीत आपण त्या बाईला शिकवतो आणि दुसरीत तिचं कौतुक करतो, पण "तुला नक्की कशाची भीती वाटते गं?" हे तिला कोणीच विचारत नाही. आणि त्याच्यापुढचा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे त्या भीतीला आपण कोणाचा चेहरा दिला आहे?

सुरुवात बाळंतपणाच्या खोलीपासून करू. इसवी सन ९०० च्या सुमारास वृंद नावाच्या वैद्यानं 'सिद्धयोग' हा ग्रंथ लिहिला. त्यात बाळंतिणीची सुटका सुखानं व्हावी म्हणून नऊ घरांचा एक चौकोन दिला आहे. पहिल्या ओळीत १६, ६, ८, दुसरीत २, १०, १८, तिसरीत १२, १४, ४. उभी, आडवी, तिरपी, कशीही बेरीज करा, ३० येते. वहीत मांडून बघा, मजा येते. अरबी परंपरेतही असाच तीन-तीन घरांचा, पण १५ बेरजेचा चौकोन सांगितला आहे आणि तोही बाळंतिणीसाठीच. आपल्या देशात दुसरी एक आकृती या कामी वापरल्याच्या नोंदी आहेत, ती चक्रव्यूहाची. थाळीवर केशरानं चक्रव्यूह काढायचा, पाण्यानं धुवायचा आणि ते पाणी अडलेल्या बाईला पाजायचं. यातली कल्पना समजायला अवघड नाही. अभिमन्यूनं पोटात असतानाच व्यूहात शिरायचं ऐकलं, बाहेर पडायचं ऐकायचं राहून गेलं. इथे तर बाळानं बाहेर यावं म्हणून सारे जीव मुठीत धरून बसलेले. वळणावळणाची वाट, आत अडकलेला जीव, आणि वाट शेवटी मोकळी व्हावी ही प्रार्थना. आकृती म्हणून ती सुंदर आहे, हे मान्य करायला माझी काही हरकत नाही.

पण खोलीचा नकाशा डोळ्यासमोर आणा. आत कोण आहे? कळा देणारी बाई आणि तिच्याजवळ सुईण. बाळ आडवं असेल तर सुईणीच्या हातात फारसं काही नाही. जे आहे ते तेल, अनुभव आणि धीर. बाहेर ओसरीवर कोण आहे? लिहिता येणारा पुरुष. तो चौकोन मांडतो, व्यूह काढतो, कागद आत पाठवतो. बाळंतपण सुखरूप झालं की श्रेय कागदाला, दक्षिणा लिहिणाऱ्याला. नाही झालं तर बाईचं नशीब नाहीतर सुईणीचा हात. नाळ कापायचं काम तर विटाळाचं मानलेलं, म्हणून बऱ्याच गावांत ते दलित जातींतल्या बायांवर टाकलेलं होतं. रक्तात हात घालणारीला शेर-पायली धान्य आणि जुनेर, आणि आकडे मांडणाऱ्याला मान. हे आपल्या ओळखीचंच गणित आहे, यातही बेरीज कुठूनही केली तरी तीच येते.

आता पाचवी. इथे मला जरा थांबायचं आहे.

बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी आणि सहाव्या दिवशी सटवी. कुठे दोन्ही करतात, कुठे एकच. पाटा-वरवंटा मांडून पुजतात, जवळ विळा किंवा कोयता ठेवतात, रात्रभर दिवा ठेवतात, बायका जागतात, बाळ-बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत. कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. (जाता जाता एक सांगते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकाही बाईच्या हातात लेखणी दिली नाही, त्या घरात वर्षानुवर्षं लेखणी मांडून एका बाईच्याच वाटेकडे डोळे लावून बसत होते. घरात येणारी एकमेव साक्षर स्त्री ती सटवाई!)

पण पाचवी-सहावी रात्रच का? पहिली किंवा दहावी का नाही? दवाखान्यात काम केलेल्या मैत्रिणी इथे असतील तर त्यांना उत्तर लगेच सुचलं असेल. नवजात बाळाचा धनुर्वात बहुतेक वेळा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतो. पहिले एक-दोन दिवस बाळ चांगलं अंगावर ओढतं, रडतं. मग ओढेनासं होतं. जबडा आवळतो, ओठ ताणले जातात, अंग धनुष्यासारखं ताठतं. जरा स्पर्श झाला, आवाज झाला की झटका येतो. चांगलं असलेलं बाळ चौथ्या-पाचव्या दिवशी असं होतं तेव्हा बघणाऱ्यांना कोणीतरी येऊन त्याला धरलं असंच वाटणार. जंतू मातीत आणि शेणात असतात. नाळ विळ्यानं कापली, दगडावर ठेचली, बेंबीवर शेण किंवा राख लावली की ते आत जातात. म्हणजे सटवीपासून राखण करायला जो विळा बाळाजवळ ठेवायचा, कित्येक घरांत त्याच विळ्यानं चार दिवसांपूर्वी धनुर्वात आत शिरला असेल. सटवीच्या पूजेचा उगम एवढ्यातच आहे असा माझा दावा नाही, रूढी एका कारणानं येत नाहीत. पण ज्या बायांनी ही रात्र जागून काढायची ठरवली त्या मूर्ख नव्हत्या. बाळं कोणत्या दिवसांत जातात हे त्यांनी मोजलं होतं. भीती खरी होती, दिवसही बरोबर होते. कोण मारतं, तेवढं नाव चुकलं होतं.

बरोबर नाव कळल्यावर काय झालं? गरोदर बाईला धनुर्वाताची लस, स्वच्छ हात, नवं पातं, उकळलेला दोरा, बेंबीला काही लावायचं नाही. साधी कामं आहेत. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आपल्याकडे १९८५ मध्ये सुरू झाला, आणि २०१५ मध्ये माता व नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. 'दूर झाला' याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला तो होतो. तीस वर्षांत एक सटवी जवळजवळ संपली. मैत्रिणींनो, याचा आपण पुरेसा डंका पिटलेला नाही. त्यात गावोगावच्या परिचारिका आणि दायांनी पायपीट केली, त्यांची नावं कुठल्या कोऱ्या कागदावर लिहिली गेली नाहीत.

गडचिरोलीचं कामही इथे सांगायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात बालमृत्युदर, नियंत्रण म्हणून धरलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. मला यातली महत्त्वाची गोष्ट आकडा नाही. राखण करायला त्याच खोलीत, त्याच दिवसांत, तशीच गावातली बाई जाते आहे. तिच्या हातात आता तराजू आणि घड्याळ आहे एवढाच फरक, आणि तो सगळा फरक आहे.

एव्हाना कोणी म्हणेल, आता तर महाराष्ट्रात बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण सुमारे ६५ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते सुमारे ९५ टक्के झालं. मग भीतीचं कारण बरंच कमी झाल्यावर खुणा का नाही गेल्या? शिकलेल्या घरांत, फ्लॅटमध्ये, नोकरी करणाऱ्या मुलींच्या बाळांनाही गालबोट लागतंच आहे.

कारण गालबोटाच्या मागे जंतूची भीती कमी आणि माणसाची भीती जास्त आहे. आता त्या माणसाकडे वळते.

श्रावणात आपल्याकडे भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. त्यावर नरसिंह असतो, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण असतो, हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती असतात, आणि मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका असतात. ही जरा कोण? महाभारतातली राक्षसीण. मगधाच्या राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं, ते टाकून दिलं, ते जरेनं उचलून जोडलं आणि जरासंध जिवंत झाला. राक्षसीणच, पण मूल जगवलं म्हणून पूजेला बसली. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात पांचिकाबरोबर हारिती बसली आहे. बौद्ध कथेत ती लोकांची मुलं खाणारी यक्षिणी. बुद्धानं तिचं धाकटं मूल लपवलं, तेव्हा तिला दुसऱ्या आईचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. आमची सटवाई तशीच, नशीब देणारीही तीच आणि धरणारीही तीच. म्हणजे आपल्या पूर्वजांना हे समजत होतं की एकाच बाईत राग आणि माया दोन्ही असू शकतात, आणि तिला बाहेर हाकलण्यापेक्षा घरात मानानं बसवावं.

हा मोठेपणा त्यांनी देवीपुरता ठेवला. शेजारणीला दिला नाही.

बारशाला कोणाला बोलावत नाहीत? आठवा. मूल नसलेली जाऊ. मूल होऊन गेलेली मावशी. नवरा वारलेली काकू. बोलावलं तरी पाळण्याला हात लावू देत नाहीत, ओटी भरू देत नाहीत, "तुम्ही बसा हो, दमला असाल" म्हणून गोड बोलून कोपऱ्यात बसवतात. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या उतरवत जे पुटपुटतात ते एकदा नीट ऐका, त्यात वाटसरू येतात, घरचे येतात, दारचे येतात. म्हणायला नजर कोणाचीही लागते. पण बाळ आजारी पडल्यावर घरात जी कुजबुज होते त्यात बहुधा एकच नाव असतं आणि ते नाव असतं अशा बाईचं, जिच्याकडे स्वतःचं मूल किंवा नवरा नाही. जिला सर्वांत जास्त दुखलंय तिचीच नजर सर्वांत वाईट! दारू पिऊन बाळाच्या दुधाचे पैसे उडवणाऱ्या बापाची नजर कधी बाळाला लागल्याचं मी ऐकलं नाही. व्याजानं पैसे देणाऱ्याचीही नाही. त्यांच्यासाठी कुठलं गालबोट नाही.

म्हणून मी म्हणते की काजळाचा ठिपका निरुपद्रवी आहे असं झटकन म्हणू नका. बाळाच्या गालाला त्यानं काही होत नाही, दिव्यावर धरलेलं घरगुती काजळ असेल तर ते पुसलं जातं. (बाजारातला सुरमा मात्र पारखून घ्या, त्यात शिसं असू शकतं.) पण तो ठिपका गालावर असतो आणि डाग दुसऱ्याच बाईवर पडतो.

आणि त्याच बाईच्या अंगावरही आधी आपण खुणाच लावलेल्या असतात. मंगळसूत्रातले काळे मणी कशासाठी? नजर लागू नये म्हणून. कोणाला? तिला नव्हे. कुंकू, जोडवी, हिरव्या बांगड्या, सगळ्या त्याच्या आयुष्याच्या राखणीसाठी तिच्या अंगावर. ती बाई म्हणजे नवऱ्याच्या गळ्यातला चालता-बोलता ताईत. त्याच्या अंगावर मात्र तिच्या आयुष्यासाठी एक दोरासुद्धा नाही. मग तो गेला की काय होतं? ताईत निकामी ठरला म्हणून तोडतात. बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. लग्नानंतर लवकर गेला तर पांढऱ्या पायाची म्हणतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव चांगला आहे. माझा एकच आग्रह आहे, ठरावात 'बांगड्या फोडू नयेत' एवढंच न लिहिता 'बारशाला, लग्नाला, ओटी भरायला बोलवावं' हेही लिहा. बांगड्या हातात राहिल्या आणि बोलावणं आलं नाही, तर त्या वाजवायच्या कुठे?

सवाष्णीच्या हाताचा हा आग्रह सगळीकडे आहे. वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठानं पालघट देवीचा चौक काढतात, तो सवाष्णींनीच काढायचा. चौक नसेल तर लग्न लागत नाही इतकं त्याचं महत्त्व. हे बायकांचं काम होतं. १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली, तेव्हा पुढे आलेलं नाव जिव्या सोमा मशे यांचं. मोठा चित्रकार, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण चौक बाईच्या हातून पुरुषाच्या हाती जाण्याची वेळ आणि त्याला किंमत येण्याची वेळ एकच होती, हे नोंदवून पुढे जाते.

काही खुणा पुसता येत नाहीत. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की पोटावर तापलेल्या विळ्यानं चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. बऱ्याचदा ते भूमकाकडून, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडून करवून घेतात. बाळ भाजतं, जखम चिघळते, आणि मूळ आजार तसाच. अशी बातमी छापून आली की शहरातले लोक हळहळतात, आदिवासी किती अडाणी म्हणतात. त्या आईला विचारा की जवळचा दवाखाना किती कोसांवर आहे, पावसाळ्यात रस्ता असतो का, गेल्यावर तिथे डॉक्टर असतो का, आणि असला तर तो तिच्या कोरकू भाषेतला एक शब्द तरी समजतो का. भूमका रात्री दोन वाजता उठून येतो. तिथे डंबा बंद करायचा तर रात्री दोन वाजता येणारं दुसरं कोणीतरी उभं करावं लागेल. नुसत्या धाकानं तो बंद होणार नाही, लपून होईल.

आणि हळहळणाऱ्या शहरी लोकांनी आपल्या गाडीच्या पुढे लटकलेला लिंबू-मिरचीचा सर बघावा. त्यात बिब्बाही असतो, कोळसाही असतो. शनिवारी कामाला जाताना सिग्नलवर तो बदलून घेतात. त्यापुढची पायरी म्हणजे छापील यंत्रं. आजीचा ठिपका फुकट होता, आता तांब्याच्या पत्र्यावर चौकोन छापून तो संकटनिवारक म्हणून हजारोंना विकतात. दूरचित्रवाणीवर अशी यंत्रं विकणाऱ्या जाहिराती महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर आहेत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये दिला. हा निकाल आपल्या प्रत्येक गटाकडे असायला हवा. घरखर्चातून वाचवलेले पैसे बायका यात घालतात, आणि बहुतेक वेळा ते नवऱ्याची दारू सुटावी नाहीतर मुलगा व्हावा म्हणून.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. गावात अफवा पसरवतात की हा कायदा आला म्हणजे आता दृष्ट काढली तरी पोलीस धरतील. तसं काही नाही. घरात मीठ-मोहऱ्या उतरवणं, तीट लावणं हा गुन्हा नाही. कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकार दिले आहेत. त्यातला आपल्या कामाचा प्रकार असा, की अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं जाहीर करणं किंवा तसं भासवून तिचं जगणं अवघड करणं, हा गुन्हा आहे. गर्भाचं लिंग बदलून देतो असं सांगणं गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर औषधोपचार अडवून गंडादोरा करणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. तुमच्या भागाचा दक्षता अधिकारी कोण, हे आजवर किती जणींनी विचारलंय?

कारण बारशाला न बोलावण्यापासून गावाबाहेर काढण्यापर्यंतचं अंतर आपण समजतो तेवढं लांब नाही. आपल्याच नंदुरबारकडच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते. झारखंडच्या छुटनी महतो यांना डायन म्हणून छळलं गेलं, त्यातून उठून त्यांनी दुसऱ्या बायांना सोडवायचं काम आयुष्यभर केलं. आसामात बिरुबाला राभा यांनी तेच केलं. दोघींना २०२१ ची पद्मश्री मिळाली. अशा प्रकरणांत पुन्हापुन्हा दिसणारी बाई कोण असते? बऱ्याचदा विधवा किंवा एकटी, आणि पुष्कळदा तिच्या नावावर किंवा ताब्यात तुकडाभर जमीन. भाऊबंदांना जमीन हवी असते आणि गावाला कोणाचं तरी मूल का मेलं याचं उत्तर हवं असतं. दोन्ही गरजा एकाच आरोपानं भागतात. आरोपाचं बी कुठे पेरलं गेलं? "तिला नको बोलावू गं, बाळ लहान आहे" या वाक्यात. ते वाक्य म्हणणाऱ्या आपणच बाया असतो, आणि म्हणताना आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

मग गालबोटाचं काय करायचं? मला विचाराल तर ते पुसायला जाऊ नका. बाळाचं सगळं चांगलं व्हावं ही इच्छा त्या ठिपक्यात आहे, आणि ती पुसायचं आपल्याला काही कारण नाही. त्या आईशेजारी बसा. तिला कशाची भीती वाटते ते ऐका. वजन वाढत नाही ही भीती असेल तर अंगणवाडीचा तराजू गाठा. मुलगीच झाली म्हणून सासू घालूनपाडून बोलते ही भीती असेल तर काम सासूशी आहे. आणि ती म्हणाली की धाकट्या जावेची नजर लागते, तर धाकट्या जावेलाही बोलवून घ्या आणि बाळ तिच्या मांडीवर द्या. पहिल्यांदा खोलीत सगळ्यांचा श्वास अडकेल. अडकू दे. जावेचाही अडकलेला असतो, तिला कित्येक वर्षांत कोणी तान्हं बाळ हातात दिलेलं नसतं.

आता चहा आहे. चहानंतर आपण गट करू. प्रत्येक गटानं आपल्या गावातलं किंवा वस्तीतलं दिवाळीनंतर झालेलं एक बाळंतपण घ्यायचं आणि चार गोष्टी फळ्यावर लिहायच्या. पाचवीला कोण आलं, कोणाला बोलावलं नाही, दोरा-ताईतावर किती पैसे गेले, आणि बाळाचं वजन पहिल्यांदा कितव्या दिवशी झालं. न बोलावलेल्या बाईचं नाव फळ्यावर लिहू नका, तिचं नातं लिहा. खडू दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत.